वरून पडणारा मास्क धुरासाठी नसतो

मराठवाड्यातल्या एअर होस्टेस आणि केबिन क्रू क्लासच्या सर्व संचालकांस,

स. न. वि. वि.

आधी ओळख सांगते, म्हणजे हे पत्र कुण्या दुसऱ्या क्लासवाल्यानं लिहून घेतलं असा संशय नको. माहेर औसा तालुक्यातलं, कॉलेज औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच म्हणायचो) आणि १९९६ पासून २०२० पर्यंत विमानात नोकरी. शेवटची नऊ वर्षं पर्सर, म्हणजे केबिनमधल्या क्रूची मुकादम. आता सिडकोत राहते, गुडघे दुखतात, आणि चिकलठाण्याहून विमान उडालं की अजून मान आपोआप वर जाते.

गेल्या महिन्यात माझी भाची तुमच्यापैकी एकाच्या क्लासला चौकशीला निघाली. सोबतीला मी. भावानं आदल्या रात्रीच फोनवर बजावलं होतं, "अक्का, तिथं काई बोलू नको. पोरीला लाज वाटंल. नुसतं बघून ये." मी बरं म्हटलं.

क्लास झकपक होता. भिंतभर ढगांचं चित्र, कोपऱ्यात विमानाच्या दोन खऱ्या खुर्च्या, गार एसी. डेमो लेक्चर घेणारी मुलगी पंचविशीच्या आतली, चुणचुणीत. उभं कसं राहायचं, ट्रे कसा धरायचा, रागावलेल्या प्रवाशाशी कसं बोलायचं, सगळं तिनं नीट शिकवलं. उणं काढायला मला जागा नव्हती. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं ती म्हणाली आणि तिसऱ्या रांगेतून जिंतूरहून आलेली एक मुलगी उठली. "मॅडम, विमानात धूर झाला तर काय करायचं?"

"घाबरायचं नाही. वरून ऑक्सिजन मास्क पडतात ना, ते लावायचे आणि प्रवाशांना लावायला सांगायचे."

जिंतूरच्या पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. माझ्या भाचीनंही. मी भावाला दिलेला शब्द पाळला आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं दोन रात्री झोप नाही, म्हणून हे पत्र. नाव कुणाचंच घेत नाही, कारण हा गैरसमज एकाच क्लासचा असता तर मी तिथंच फोन केला असता. पुढच्या पंधरवड्यात मी आणखी तीन ठिकाणी, दोन इथे आणि एक लातूरला, चौकशीच्या निमित्तानं जाऊन आले. हाच प्रश्न विचारला. दोन ठिकाणी हेच उत्तर मिळालं, तिसऱ्या ठिकाणी "ते एअरलाइनवाले शिकवतात, तुम्ही काळजी करू नका" असं.

तर आधी ते मास्कचं. तो पिवळा कप केबिनमधला हवेचा दाब गेला तर पडतो. त्यात येणारा ऑक्सिजन मोजका असतो, श्वासाची बाकीची हवा कपाच्या झडपांमधून केबिनमधूनच आत येते. पस्तीस हजार फुटांवरच्या विरळ हवेत तेवढी भर पुरते, वैमानिक विमान खाली आणेपर्यंत. पण केबिनमध्ये धूर भरला असेल तर तो कप लावलेला माणूस धूरच ओढतो, वर चवीपुरता ऑक्सिजन. आणि जिथं काहीतरी जळतंय तिथं शे-दीडशे नळ्यांतून ऑक्सिजन सोडायचा, हे चुलीपाशी बसणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, ती कपाळावर हात मारेल.

वैमानिकांचा मास्क वेगळा. तो तोंडा-नाकावर घट्ट बसतो, शंभर टक्के ऑक्सिजन देतो, एका हातानं पाच सेकंदांत चढला पाहिजे असा त्याचा नियम आहे, आणि डोळ्यांसाठी धुराचा चष्मा सोबत असतो. विमान चालवणारा गुदमरला तर बाकी सगळं व्यर्थ, त्यामुळे ते रास्तच. केबिन क्रूच्या वाट्याला येतं ते हूड. कागदोपत्री नाव प्रोटेक्टिव्ह ब्रीदिंग इक्विपमेंट, बोलण्यात पीबीई. डोक्यावरून मानेपर्यंत ओढायची, समोर पारदर्शक खिडकी असलेली टोपी. विमानात जिथं आग विझवायचं सिलिंडर तिथं जवळच ते ठेवलेलं असतं, कारण सिलिंडर हातात आणि श्वास नाही तर उपयोग काय. साधारण पंधरा मिनिटं ते तुम्हाला धुरात उभं राहू देतं.

तुमच्या एकाही क्लासमध्ये मला हे हूड दिसलं नाही. खरं नाही, खोटं नाही, भिंतीवरच्या चित्रातसुद्धा नाही. लिपस्टिकच्या छटांचा तक्ता मात्र होता.

हे वाचून तुम्ही म्हणाल की बाईला नटण्याचा राग दिसतो. अजिबात नाही. मी स्वतः चोवीस वर्षं रोज अंबाडा घातला, आणि त्याच अंबाड्यानं मला एकदा जवळजवळ फसवलं होतं. संध्याकाळची फेरी होती, विमान पूर्ण भरलेलं. मागच्या गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये जेवणाच्या डब्यांबरोबर कसलंसं प्लास्टिक राहून गेलं आणि पाहता पाहता पांढरा-करडा धूर. ओव्हनचं दार उघडायचं नाही, आधी वीज तोडायची, सर्किट ब्रेकर ओढायचा, हे सगळं बोटांना पाठ होतं. हूडची पिशवी फोडली, डोक्यावर ओढलं, आणि मानेची रबरी पट्टी अंबाड्यावर अडकली. आकडे, जाळी, वर गुंफलेलं कृत्रिम फूल. खाली ओढावं तर आकडे टोचतात, आणि पट्टी मानेला बसली नाही तर हूड म्हणजे निव्वळ पिशवी. शेवटी दोन्ही हातांनी अंबाडा विस्कटला तेव्हा कुठे ते खाली आलं. किती सेकंद गेले सांगता येत नाही, पण त्या वेळात धूर गॅलीचा पडदा ओलांडून मागच्या तीन रांगांपर्यंत गेला होता.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. माझ्यासोबतच्या ज्युनियर मुलीनंही हूड चढवलं होतं, नीट, माझ्यापेक्षा भराभर. हॅलोनचा, म्हणजे आग विझवणाऱ्या वायूचा, सिलिंडर तिच्या हातात. अर्ध्या मिनिटात तिनं एका हातानं हूड वर उचलायला सुरुवात केली. मी तिचं मनगट धरलं. नंतर खाली उतरल्यावर ती म्हणाली, "मॅम, आतून गरम व्हायला लागलं, आवाज थांबला, मला वाटलं बंद पडलं." बंद पडलं नव्हतं. ते तसंच चालतं. पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये जे हूड दिलं जायचं ते रिकामं होतं. त्यात रसायन नव्हतं, उष्णता नव्हती, आवाज नव्हता. रिकाम्या हूडवर वर्षानुवर्षं सराव केलेल्या मुलीला खरं हूड बिघडल्यासारखं वाटलं, यात तिची काय चूक?

ते गरम का होतं हे तुमच्या मुलींना फळ्यावर पाच मिनिटांत समजावता येईल, त्यातल्या कितीतरी सायन्सच्या असतात. अनेक हूडमध्ये पोटॅशियम सुपरऑक्साइड नावाचं पिवळसर रसायन असतं. आपल्या उच्छ्वासातली वाफ त्याला लागली की त्यातून ऑक्सिजन सुटतो, आणि मागे जो अल्कली राहतो तो आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. म्हणजे तुमचा उच्छ्वासच तुमचा पुढचा श्वास तयार करतो. या सगळ्या क्रियेत उष्णता निघते. गरम लागतंय म्हणजे चालू आहे. सुरुवातीचे काही क्षण, रसायन जागं होईपर्यंत, काही प्रकारांत दोरी किंवा पट्टा ओढला की एक छोटी कांडी पेटून ऑक्सिजन देते, तेव्हा फुसफुस ऐकू येते आणि मग थांबते. तोच तो थांबलेला आवाज. काही प्रकारांत रसायनाऐवजी दाबून भरलेला ऑक्सिजन असतो, त्यांचा आवाज वेगळा.

आणि हेच रसायन हवेतल्या दमटपणानंही जागं होतं, म्हणून हूड हवाबंद पिशवीत सीलबंद असतं. उड्डाणाआधी प्रत्येक क्रूनं आपल्या जागेजवळचं सील शाबूत आहे का, दमटपणा दाखवणाऱ्या बिल्ल्याचा रंग बदललाय का, हे पाहायचं असतं. आपल्याकडं लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देत नाहीत, तसंच. माझ्या नोकरीतल्या कित्येक मुली हे पाहून "चेक" म्हणायच्या, पण का पाहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. का माहीत नसलेलं काम माणूस तिसऱ्या आठवड्यात न पाहताच उरकतो.

आणखी एक, जे मी नव्या मुलींना हमखास सांगायची. हूड काढल्यावर लगेच आगीजवळ किंवा गरम वस्तूजवळ जायचं नाही. केसांत ऑक्सिजन भरलेला असतो, ठिणगी पुरते. मोकळ्या जागी जाऊन केस झटकायचे. यावर मुली हसायच्या, मग हसायच्या थांबायच्या.

तुम्ही म्हणाल, आपल्या मुलींना धुराचं काय एवढं. खरंच आहे, माझ्या पिढीतल्या मुली पऱ्हाट्यांच्या धुरात फुंकणी घेऊन वाढल्या. डोळे चुरचुरले की पदरानं पुसायचे आणि भाकरी उलटायची. पण त्या सवयीचाच धोका आहे. विमानात लाकूड जळत नाही. खुर्चीचा फोम, नायलॉन, लोकर, वायरींची आवरणं जळतात, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. ओला रुमाल काजळी अडवतो, थोडे विरघळणारे वायू अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडवत नाही. माणूस खोकत-खोकत मरतो असं आपल्याला वाटतं. तो बऱ्याचदा गोंधळतो, खाली बसतो आणि उठत नाही.

हे हूड कुणाच्या डोक्यातून अशीच कल्पना म्हणून आलेलं नाही. ११ जुलै १९७३ ला ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचं बोइंग ७०७ पॅरिसच्या ओर्ली विमानतळाजवळ आलं असताना मागच्या शौचालयात आग लागली. वैमानिकांनी धावपट्टीची वाट न पाहता ते शेतात उतरवलं. शेतात, आणि बऱ्यापैकी अखंड. तरी १३४ पैकी १२३ जण गेले, त्यातले बहुतेक जमिनीला टेकायच्या आधीच धुरानं गुदमरलेले होते. १९ ऑगस्ट १९८० ला सौदियाचं विमान आग लागलेल्या अवस्थेत रियाधला परतलं, धावपट्टीवर नीट उतरलं, थांबलं. आतली सगळीच्या सगळी ३०१ माणसं गेली.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते २ जून १९८३ च्या एअर कॅनडाच्या उड्डाणानं. डीसी-९ विमान, ४६ माणसं. मागच्या शौचालयातून धूर. सहवैमानिक बघायला मागे गेला तर धुरामुळे दारापर्यंत पोहोचताच आलं नाही, परत आला, डोळ्यांना चष्मा घेऊन पुन्हा गेला. आग नेमकी कुठे आणि किती, हे शेवटपर्यंत कुणाला धड कळलं नाही, कारण जवळ जाऊन पाहणं शक्यच नव्हतं. क्रूनं मात्र काय केलं पाहा. प्रवाशांना मागून पुढे आणून बसवलं, ओले टॉवेल वाटले, दारं कशी उघडायची ते काहींना समजावलं. विमान सिनसिनाटीला उतरलं. दारं उघडल्यावर मिनिट-दीड मिनिटात आतलं सगळं एकदम पेटलं. २३ जण बाहेर पडले, २३ राहिले. त्यानंतर शौचालयात धूर ओळखणारं यंत्र आलं, पायाजवळ वाट दाखवणारे दिवे आले, खुर्च्यांचा फोम लवकर न पेटणाऱ्या आवरणात गेला. आणि १९८७ मध्ये अमेरिकेनं केबिनमधल्या अग्निशामकाजवळ हूड सक्तीचं केलं, क्रूनं ते घालून खरी आग विझवण्याचा सराव करावा असाही नियम केला. तुमच्या मुली ज्या दिव्यांकडे हात करून गोड आवाजात डेमो देतात, त्या दिव्यांमागे ही माणसं आहेत. हे सांगून डेमो शिकवलात तर हात आपोआप सरळ होतील.

(प्रवाशांना हूड का देत नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. १९८५ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला धावपट्टीवरच विमान पेटून ५५ जण गेले, बहुतेक धुरानं, तेव्हा हा वाद जोरात झाला होता. शेवटी प्रवाशांनी हूड शोधून चढवण्यात जो वेळ जाईल तो बाहेर पडण्यात घालवलेला बरा, असं तिथल्या नियामकानं ठरवलं. मला ते पटतं. चेंगराचेंगरीत सीटबेल्टसुद्धा न सुटलेली माणसं मी पाहिली आहेत.)

आता एक न दिसणारी गोष्ट. धूर दिसतो तेव्हा निदान माणूस हूडकडे धावतो. नुसता वास आला तर? बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात. तिथलं एखादं सील गळलं की तापलेल्या इंजिन ऑइलची वाफ हवेत मिसळते. वास येतो ओल्या, न धुतलेल्या मोज्यांसारखा. बोइंग ७८७ मध्ये ही हवा इंजिनातून न घेता विजेवरच्या वेगळ्या कॉम्प्रेसरनं घेतात, बाकी बहुतेकांत जुनीच पद्धत. दीर्घकाळ अशा वाफा ओढल्यानं आजार होतात का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण त्या क्षणी डोकं जड होतं, जीभ बधिर होते, इंटरफोनवर नेमकं काय बोलायचं ते आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. एका सकाळी विमान खाली येत असताना असा वास आला. मी आणि आणखी दोघी जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्च्यांवर, बसून एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो, कारण कुणाच्या मोज्यांचा वास म्हणून तक्रार कशी करणार! हूड चढवायचं का, कॅप्टनला कळवायचं का, काहीच सुचलं नाही. उतरल्यावर मी लेखी कळवलं तर वरिष्ठांनी विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतंत का?"

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, २०१५ मध्ये याच विषयावर ३४४ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. अशा वासाच्या घटना ओळखायच्या कशा, क्रूला शिकवायचं काय, नोंद कशी ठेवायची, हे त्यात आहे. तुम्ही ते पाठ करून घ्यावं असं माझं म्हणणं नाही. मुलींना एवढंच सांगा: विचित्र वास आला तर आधी कॅप्टनला कळवायचं, आणि उतरल्यावर लिहून द्यायचं. वेळ, विमान कुठल्या टप्प्यात होतं, वास कशासारखा, कुणाला काय त्रास झाला. नाश्ता केला होता का, तेही लिहायचं, म्हणजे तो प्रश्न उरत नाही.

आता "ते एअरलाइनवाले शिकवतात" याबद्दल. शिकवतात, खरं आहे. नोकरी लागल्यावर प्रत्येक एअरलाइनला हे शिकवावंच लागतं, परीक्षा घ्यावी लागते, दरवर्षी उजळणी असते. मग मी तुमच्या मागे का लागले? कारण तुमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींना एअरलाइनची नोकरी लागत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, त्यांच्या बापांना माहीत नाही. कुणाची उंची कमी पडते, कुणाचं इंग्रजी, कुणाच्या घरी ऐनवेळी लग्न ठरतं. त्या मुली परत येऊन इथल्या हॉटेलात, हॉस्पिटलच्या रिसेप्शनला, मॉलमध्ये, शाळेत कामाला लागतात. तुमच्या फीच्या बदल्यात त्यांच्याजवळ उरतं काय? अंबाडा आणि स्मितहास्य. धुराचं शहाणपण उरलं तर?

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार गेले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ३ एप्रिल २०२४ ला पहाटे, इथल्याच छावणी भागात खाली कपडे शिवण्याचं दुकान आणि वर घर, तिथे सात जण गेले, लेकरांसकट. आग वरच्या मजल्यावर पोहोचलीच नव्हती, धूर पोहोचला. मी ती बातमी वाचली तेव्हा नोकरी सुटून चार वर्षं झाली होती, तरी हात ट्रेनिंगसारखे हलले: खाली वाका, दाराला हाताची उलटी बाजू लावून बघा, दार गरम असेल तर उघडू नका, फटीत ओली चादर कोंबा. आणि सोनपेठ तालुक्यात २०२३ च्या मे महिन्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले ते आठवतं? अशा टाक्यांत आणि विहिरींत नेहमी तेच होतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. विमानातला पहिला धडाच हा, की आधी स्वतःचा श्वास, मग दुसऱ्याचा. तुमच्या क्लासमधून परत गेलेली एक मुलगी गावात "थांबा, आधी उतरू नका" म्हणून ओरडली तरी तुमची फी वसूल झाली, असं मी जाहीरपणे सांगेन.

दुसरं कारण पैशाचं आहे. हूड डोक्यावर चढल्यावर काही माणसांचा जीव घाबरा होतो, मग ती कितीही हुशार असोत. माझ्याच बॅचमध्ये एक मुलगी होती, पोहण्यात पहिली, पेपरात पहिली, आणि हूड चढवल्या चढवल्या तिनं ते फाडून काढलं. तीन वेळा. ती परत गेली. काहींना दमा असतो, घरी कुणाला सांगितलेला नसतो. शेत गहाण टाकून फी भरलेल्या बापाला हे मुलीच्या ट्रेनिंगच्या चौथ्या आठवड्यात कळण्यापेक्षा तुमच्या डेमो लेक्चरच्या दिवशी कळलेलं काय वाईट? तुमचा एखादा प्रवेश कमी होईल, हे मान्य.

मागणं फार नाही. ट्रेनिंगसाठी रिकामी हूडं मिळतात, चार क्लासनी मिळून एक घेतलं तरी पुरे, आठवड्याआठवड्यानं फिरवा. फक्त मुलींना स्पष्ट सांगा की खरं हूड गरम होतं, त्याचा आवाज बदलतो, आणि आतून बोललेलं बाहेर पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. सराव रिकाम्या टेबलावर नको, अंबाडा आणि आकडे घालूनच करा. धुरासाठी खर्च करायची गरज नाही. आपल्याकडं कुठल्याही मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जो धूर सोडतात ना, ते मशीन डीजेवाल्याकडून दोन तास भाड्यानं आणा. मोठमोठ्या ट्रेनिंग सेंटरमध्येही अशाच नाटकी धुरात सराव होतो, त्याचं नाव फक्त भारी असतं. वर्गात धूर सोडा, दिवे घालवा, आणि मुलींना गुडघ्यांवर रांगत खुर्च्या मोजत दारापर्यंत जायला सांगा. दमेकरी मुलीला आधी विचारून बाजूला बसवा. त्या दिवशी पालकांना बोलवा. लातूरनं अभ्यासाचा पॅटर्न देशाला दिला, हा पॅटर्न कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

माझ्याकडे एक जुनं, निकामी झालेलं ट्रेनिंगचं हूड आहे. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी थट्टा म्हणून फुलांच्या गुच्छात गुंडाळून दिलं होतं. खिडकीला चरे पडलेत, मानेची पट्टी सैल झालीय, पण शिकवायला चालेल. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते. रिक्षाचे पैसेही नकोत, चहा चालेल.

मी हे सगळं का करायलीय, असं भावानं काल विचारलं. त्याला १९९३ ची आठवण दिली. २६ एप्रिलची दुपार. चिकलठाण्याहून उडालेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला लागलं, पुढे विजेच्या तारांना, आणि शेतात पडून पेटलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. तो अपघात धुरामुळे झालेला नव्हता, हे मला कळतं. पण मी तेव्हा सेकंड इयरला होते, वसतिगृहाच्या गच्चीवरून तो काळा खांब वर चढताना आम्ही पाहिला, आणि शेजारच्या मुलीनं विचारलं होतं, "आतल्या लोकांना श्वास कसा घेता येत असंल गं?" मला उत्तर माहीत नव्हतं. पाच महिन्यांनी किल्लारी झालं आणि घरात विमानाचा विषयच मागे पडला. तीन वर्षांनी मी नोकरीला लागले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "ते ट्रकचं लक्षात हाय ना?"

भाचीचं म्हणाल तर तिनं प्रवेश घ्यायचा ठरवलाय, तुमच्यापैकीच एकाकडे. मी अडवणार नाही. फक्त त्या जिंतूरच्या मुलीच्या वहीत "धूर झाला तर वरचा मास्क लावायचा" अशी एक ओळ आहे. ती तेवढी तिच्याच हातानं खोडून घ्या.

कळावे.

एक निवृत्त पर्सर
मूळ गाव औसा तालुका, सध्या मुक्काम सिडको, छत्रपती संभाजीनगर